पाव मळणारी

हेक्सममध्ये पहाटे साडेतीनला एकच दिवा असतो,
मेव्हिस चार्लटनच्या बेकरीचा.
मी तिच्या डोक्यावर राहतो, म्हणजे वरच्या मजल्यावर,
आणि झोप हुलकावणी द्यायला लागली
की खाली जाऊन पिठाच्या पोत्यावर बसतो.
ती बोलत नाही. मळत असते.
मनगटानं ढकलायचं, दुमडायचं,
पाव फेरा फिरवायचं, पुन्हा ढकलायचं.

भिंतीवर खिळा. खिळ्याला उधारीची बिलं.
सगळ्यात जाड गड्डी:
लेडी थ्रेलकेल्ड, हॉल, मागचं दार.
रोज सहा मोठे पाव. मार्चपासून एक पेनी नाही.

कथबर्ट टेट मास्तर शिळा पाव अर्ध्या किमतीत नेत
आणि उरलेली किंमत शब्दांनी फेडत.
त्यांनीच एका बुधवारी, सांडलेल्या पिठात
बोटानं लिहिलं, हजारएक वर्षांपूर्वीचं लांबलचक काही:
ह्लाफ, म्हणजे पाव.
दीगे, म्हणजे मळणारी.
ह्लॅफदीगे.
म्हणाले, ही बघा तुमची लेडी.

मग बोटानंच पुसत गेले.
पहिला ह गेला, थंडीत तोंडची वाफ जाते तसा.
फ-चा आधी व झाला, मग तोही कुणाच्या घाईत पडला.
ग-चा य, आणि य-चा नुसता सुस्कारा.
मधल्या काही पिढ्या तर म्हणत होत्या
लादी.

मी पोत्यावरून उठलोच. लादी?
माझ्या भाषेत लादी म्हणजे
एकमेकांना बिलगून भाजलेले बारा पाव!
काही नातं नाही, मास्तरांनी दटावलं,
निव्वळ योगायोग, उगाच सोयरीक जुळवू नका.
बरं. नाही जुळवत.

आणि लॉर्ड? मेव्हिसनं विचारलं, हात न थांबवता.
ह्लाफवेअर्ड. पावाचा राखणदार.
आणि चाकर?
ह्लाफॅटा. पाव खाणारा. पण तो शब्द मेला.
मेला? ती म्हणाली,
खाणारे तर धडधाकट आहेत,
आणि खिळ्यावरच्या गड्डीकडे हनुवटी उडवली.

मास्तर मागच्या हिवाळ्यात गेले.
भाचीनं त्यांची एक वही मला आणून दिली.
शेवटून तिसऱ्या पानावर, शाई फुटलेली,
दीगेच्याही मागं जाणारी एक रेघ:
मातीला, पिठाला हातानं आकार देणं, लिंपणं,
त्या मुळाची एक फांदी पूर्वेला गेली
आणि संस्कृतात तिचं झालं
देह.
खाली माझं नाव. स्पेलिंग चुकलेलं.
ही सोयरीक खरी होती,
ती त्यांनी जुळवून ठेवली होती.

देह.
तीन वर्षांपूर्वी भावानं फोनवर हाच शब्द वापरला होता,
अण्णा म्हटलं नव्हतं.
मी इथं, टाईन नदीच्या पुलावर, फोन कानाला,
आणि मला तो शब्द कोरडा वाटला होता,
सरकारी, दाखल्यावरचा.
त्यात कुणाचे ओले हात असतील,
असं मनातही आलं नव्हतं.

परवापासून मेव्हिसच्या उजव्या मनगटाला पट्टा आहे.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे.
ती म्हणाली, बसून राहणाऱ्याला उठव म्हणजे झालं.
मग मी बाह्या सरसावल्या.
बोटांनी नको, मनगटानं, ती सांगते.
ढकल. दुमड. फिरव. अरे, रागावू नकोस त्याच्यावर.

पाचला हॉलचा ड्रायव्हर येऊन मागच्या दाराशी हॉर्न वाजवतो.
मेव्हिस डाव्या हातानं पावती लिहायला बसते,
वाकडंतिकडं L काढते, थांबते,
पेन्सिल कानामागं खोचते.
वाजवू दे, म्हणते.

पीठ माझ्या बोटांना सोडत नाही.
सुटेल, ती म्हणते, मळत राहा.